बसलेल्या बाईला हाक मारायची नाही

दुपारची सुट्टी संपल्याचा भोंगा झाला आणि जरा वेळानं हिराक्का धावत बॉयलरकडं आली. ती एरवी धावणारी बाई नाही. अंगानं जड, आणि धावायचं काम निघालं तर दुसरीला पाठवणारी.

"रवळूभावजी, मालन उठंना."

मी भट्टीत काजूची टरफलं टाकत होतो. म्हटलं, "उठंना म्हणजे? डुलकी लागली असंल. हाक मारा की."

"मारली. भोंगा झाल्यावर मारली. आधी कशी मारायची?"

तिचं बरोबर होतं. सुट्टीत बसलेल्या बाईला हाक मारायची नाही, असा आमच्या कारखान्यात नियम होता. तो नियम मालननंच करून घेतला होता. मालन म्हणजे माझी बायको.

मागच्या ओसरीवर ती भिंतीला पाठ लावून बसली होती. पाय लांब केलेले, दोन्ही हात मांडीवर, रिकामे. डोळे मिटलेले. मी खांद्याला हात लावला तेव्हा मान एका बाजूला झाली. डॉक्टर नंतर म्हणाले, डोक्यातली शीर फुटली, तिला कळलंसुद्धा नसेल.

हिराक्का माझ्या पायाशी बसून एकच बोलत होती. "भावजी, मी शेजारीच हुतो. हाक मारायची न्हाई म्हणून मारली न्हाई."

"डॉक्टर काय म्हणाले ऐकलासा न्हवं? हाक मारून काय बी झालं नसतं."

"तरी पण."

"तरी पण काय न्हाई. ती बसली हुती. तिला बसू दिलंसा. बास."

संध्याकाळी आमच्या अंगणात माणसं मावेनात. अरविंदशेट, कारखान्याचे मालक, घोंगड्यावर मांडी घालून बसले. सरकारी दवाखान्यातल्या फिलोमिना सिस्टर आल्या, त्यांना तोवर निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. सोलाई खात्यातल्या झाडून सगळ्या बाया आल्या. माझा एक चुलतभाऊ इचलकरंजीहून आला होता. तो हळूच म्हणाला, "रवळू, वहिनी काजूच सोलायला जात होती ना? मग एवढी माणसं कशी काय?"

त्या दिवशी मी त्याला काही सांगितलं नाही. आता सांगतो.

आमचा कारखाना आजऱ्याच्या अलीकडं, डोंगराच्या पायाला. काजूची बी वाफवायची, फोडायची, भट्टीत सुकवायची आणि गराची साल काढायची. फोडणं, सोलणं, निवडणं ही सगळी बायांची कामं. आम्ही पुरुष मोजके, बॉयलरवर आणि पोती उचलायला. मालन सोलाईत होती.

एका वर्षी तालुक्याच्या आरोग्य खात्यानं कारखानदारांची बैठक घेतली. तंबाखू सोडवायची तर एकट्या सरकारी दवाखान्यानं होत नाही, माणूस दिवसभर असतो तुमच्याकडं, तेव्हा तुम्हीही हात लावा, असं सांगितलं. अरविंदशेट उत्साही माणूस. त्यांनी लगेच हो म्हटलं. दारात एक पेटी ठेवली. आम्ही पुरुषांनी आपापल्या पुड्या तिच्यात टाकायच्या आणि जाताना पेटीकडं बघायचं नाही. माझीही पुडी गेली. चार दिवस डोकं चढलं, मग उतरलं.

बायांना विचारायला फिलोमिना सिस्टर आल्या. एकेकीला विचारलं, "तंबाखू खाता का?" एकजात सगळ्या नाही म्हणाल्या. मालननं तर सिस्टरांना उलट ऐकवलं, "आमच्यात बायका तंबाखूला शिवत न्हाईत."

शेट खूश झाले. कोल्हापूरहून मोठा बोर्ड रंगवून आणला. 'हा कारखाना तंबाखूमुक्त आहे.' बोर्ड दारावर चढवला, त्याच्यावर भगवं फडकं टाकलं, आणि फडकं काढायला तालुक्याचे आरोग्य अधिकारी मुजावरसाहेब आले.

नारळ झाला, हार झाले. शेटनी बोलायला तोंड उघडलं आणि त्यांना ठसका लागला. मग साहेबांना लागला. मग पहिल्या रांगेत बसलेले सरपंच डोळे पुसायला लागले.

"कसला वास हा?" साहेबांनी विचारलं.

"काजूचा असेल," शेट म्हणाले.

"शेट, माझा जन्म गडहिंग्लजचा. काजूचा वास मला कळतो. हा काजू नाही."

साहेब वासामागं चालायला लागले. शेट त्यांच्या मागं, सरपंच त्यांच्या मागं, आणि सगळी वरात माझ्या बॉयलरशी आली. तिथं मालन उकिडवी बसली होती. पुढ्यात टरफलांचा निखारा, त्याच्यावर तवा, तव्यावर काळीभोर मिशरी. पदर नाकाला लावून ती उलथन्यानं हलवत होती. कार्यक्रमामुळं काम बंद होतं, म्हणून तिनं आठवड्याचं भाजण उरकायला घेतलं होतं. निखारा मी काढून दिला होता. खोटं कशाला सांगू, मलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

"काय आहे हे, बाई?" साहेबांनी विचारलं.

"मिशरी, सायेब. सगळ्या खात्याची मीच भाजतो. दुसऱ्या कुणाला भाजाय येत न्हाई, एक तर करपिवत्यात न्हाईतर कच्ची ठिवत्यात."

"कशाची करतात?"

"तंबाखूची की."

"पण तुम्ही तर सांगितलंत, तंबाखू खात नाही."

"खातंय कोण? दाताला लावतो आमी."

साहेब हसले नाहीत, पण ते हसू आवरत होते हे दिसत होतं. मागं सरपंच मात्र मोठ्यानं हसले. शेटचा चेहरा पडला. मालन एकदा ह्याच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघत राहिली. आपण काय चुकीचं बोललो हे तिला समजेना. तिनं खरंच फसवलं नव्हतं. तंबाखू ही पुरुषांची. चुना लावून, चोळून, गालात धरायची. मिशरी म्हणजे दात घासायचं. हे आमच्या भागात लहान पोराला विचारलं तरी त्यानं असंच सांगितलं असतं.

"चूक माझीच आहे," फिलोमिना सिस्टर म्हणाल्या. "माझी आई जन्मभर मिशरी लावायची. आणि मी विचारत फिरले, खाता का म्हणून."

साहेब म्हणाले, "शेट, फडकं राहू दे बोर्डावर. घाई नाही. सिस्टर दर मंगळवारी येतील. तुम्ही त्यांना एक खोली द्या. बघू."

शेटना लोकांसमोर झालेलं लागलं होतं. दुसऱ्या दिवशी मागच्या ओसरीकडं जाणाऱ्या दाराला कुलूप लागलं. त्या ओसरीवर बायांची दोन वेळची मिशरीची सुट्टी असायची, सकाळी पाव तास, दुपारी पाव तास. ती बंद. सुपरवायझरनं सांगितलं, "मिशरी बंद, तर सुट्टी पण बंद."

त्यातून मिशरी काही बंद झाली नाही. डब्या कमरेला गेल्या आणि संडासाला रांग लागली. एक बाई आत गेली की बाहेरच्या दार वाजवायच्या. "अगं ये की भाईर, लगीन लागलंय काय आत?" सोलाईचं काम मागं पडलं. शेट चिडले. बाया त्यांच्यावर चिडल्या.

मंगळवारी सिस्टर आल्या. बॅटरी घेऊन एकेकीचं तोंड बघायला बसल्या. मालनच्या तोंडात बघताना त्या थांबल्या. खालचा ओठ ओढून पुन्हा बघितलं.

"काय हाय वो बाई?"

"पांढरा चट्टा आहे. दुखतो का?"

"न्हाई."

"मिशरी सोडलीस तर जाईल बहुतेक. नाही सोडलीस तर मग मला सांगता येत नाही. दर मंगळवारी मी बघणार."

त्या रात्री ती जेवली नाही. सकाळी डबी उचलून चुलीमागं टाकली आणि म्हणाली, "सोडली." दोन दिवस तिचं डोकं दुखलं, पोट साफ होईना, माझ्यावर आणि म्हशीवर सारखीच खेकसत होती. तिसऱ्या दिवशी मी परड्यात गेलो तर ती मागल्या दाराशी उंबऱ्यावर बसलेली, बोट तोंडात.

मी तिथंच थबकलो. तीच म्हणाली, "बघतासा काय? न्हाई सुटत."

"तलफ आली?"

"तलफ कवाच गेली."

"मग?"

तिनं चूळ भरली आणि उठून भाकरीला लागली. मला कोडं पडलं. तलफ नाही, चट्ट्याची भीती आहे, तरी लावते. म्हटलं, सवय, दुसरं काय.

पुढच्या मंगळवारी सिस्टरांनी बॅटरी लावली आणि नुसती मान हलवली. मालन तिथून उठली ती तडक शेटच्या केबिनकडं गेली. हिराक्का तिच्यामागं. सिस्टर त्यांच्यामागं. मला शेटनी बोलावून घेतलं, कारण निखारा माझा होता. मला वाटलं, आता दोघांचीही नोकरी जाते.

"काय गं मालन?" शेट म्हणाले.

"शेट, आमची सुट्टी परत द्या."

"मिशरीसाठी?"

"न्हाई. मिशरी सोडायसाठी."

"हे बघ, मी मिशरीसाठी पाव तास देत होतो. आता मिशरीच नको, तर पाव तास कशाला पाहिजे?"

"बसायला."

"बसून काय करणार?"

"काय न्हाई."

"काहीच नाही?"

"काय न्हाई करायला पायजे हाय आमास्नी."

शेट सिस्टरांकडं बघून हसले. "ऐकलंत? काही न करण्यासाठी मी वेळ द्यायचा."

"हसू नगासा शेट," मालन म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "मी सांगतो काय ते ऐकून घ्या. बाई रिकामी दिसली की हाक येती. घरात सासू हाक मारती, पोरं मारत्यात, हे मारत्यात. हितं सुपरवायझर मारतोय. पण तोंडात बोट असलं की कोण हाक मारत न्हाई. मिशरी लावतीया, म्हणत्यात, हूं दे तिचं. लगीन होऊन आलो तवापास्नं मी बसलोय ते तेवढाच येळ. बोट काढलं की उठाय लागतंय. मग बोट कसं काढू?"

हिराक्कानं मागून जोड दिली, "मी चूळ भराय लागलो की माझा नवरा तर दारात उभा ऱ्हातोय. झाली काय, म्हणून."

कुणी हसलं नाही. मी खाली बघत होतो. मालन माझं नाव न घेता 'हे मारत्यात' म्हणाली होती, आणि मी आठवत होतो. सकाळी परड्यात ती मिशरी लावत असली की मी चहासाठीसुद्धा थांबायचो. आणि एरवी ती खाली टेकली की मला काही ना काही आठवायचंच. टॉवेल, तपकिरी बंडी, म्हशीचं पाणी.

शेट म्हणाले, "पण मालन, मिशरी न लावता तुम्ही पाव तास बसलात, आणि बाहेरून कुणी बघितलं, तर काय म्हणेल? कारखान्यात बाया आयत्या बसवल्यात."

"म्हणू दे की. तुमच्या बोर्डाला हसलीच न्हवं माणसं. मेलासा काय?"

आता मात्र सिस्टर हसल्या. मग शेटकडं वळून म्हणाल्या, "शेट, पगार मला सरकार देतं. औषध मी आणते, तोंड मी तपासते, ज्यांना गरज आहे त्यांना कोल्हापूरला मी पाठवते. एवढं सरकार करतं. पण वेळ सरकारकडं नाही. तो तुमच्याकडं आहे."

शेटनी पेपरवेट बाजूला सरकवला. मग म्हणाले, "एक महिना. काम मागं पडलं तर बंद."

"आनि हाक मारायची न्हाई," मालन म्हणाली.

"कोणी?"

"कुणीच. बसलेल्या बाईला हाक मारायची न्हाई. भोंगा हुईस्तवर."

"आता हेही मीच सांगू सुपरवायझरला?"

"मग काय मी सांगू? तो माझं ऐकंल?"

कुलूप निघालं. पहिल्या दिवशी बाया ओसरीवर बसल्या खऱ्या, पण कुणाला बसायचं कसं हेच कळेना. हातांचं काय करायचं हा प्रश्न. एक पदराचं टोक पिळत होती, एक उगाच भिंत पुसायला लागली. हिराक्का म्हणाली, "मालन, हे बसणं न्हवं, ही शिक्षा हाय." मालन म्हणाली, "हात मांडीवर ठेव. दोन्ही. आनि गप बस." मी बॉयलरच्या आडून बघत होतो. शाळेतल्या पोरांसारख्या सगळ्या हात मांडीवर ठेवून बसल्या. मग कुणीतरी खुदकन हसलं, आणि मग बोलणी सुरू झाली ती भोंग्यापर्यंत.

त्याच आठवड्यात एका सकाळी मी उठलो तर मालन मागल्या दारी उंबऱ्यावर बसलेली. बोट तोंडात नाही. हात मांडीवर. माझ्या तोंडून सवयीनं गेलंच, "मालन, पाणी तापलं काय गं?"

तिनं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. म्हणाली, "बसलोय मी."

एवढंच. मी जाऊन चूल बघितली. जाळ पुढं सारला. पाणी तापलं तेव्हा माझं मीच काढलं. मग चहा टाकला. तिला आलं जास्त लागतं हे माहीत होतं, किती ते माहीत नव्हतं. अंदाजानं घातलं. कप तिच्या शेजारी ठेवला तेव्हा तिनं घोट घेतला आणि म्हणाली, "आल्याचा काढा केलासा." पण सगळा प्याली.

त्यानंतर ती जाईपर्यंत सकाळचा चहा मीच करत होतो. आलं हळूहळू जमलं.

चट्टा गेला. त्याला बरेच मंगळवार लागले, पण गेला. महिन्यात काम मागं पडलं नाही, सुट्टी कायम झाली, आणि बाकीच्या बायांचीही मिशरी एकेक करून सुटली. हिराक्काची सगळ्यांत शेवटी. ती म्हणायची, "माझ्यासाठी थांबू नगासा, बोर्ड उघडा." पण मालन थांबली. तो तवा तिनं घासूनघासून पांढरा केला आणि त्याच्यावर तीळ, जवस आणि बडीशेप भाजायला लागली, सुट्टीत तोंडात टाकायला. माझ्याकडं निखारा मागायला यायची तशीच.

हिराक्कानं आपली मिशरीची डबी सिस्टरांकडं देऊन टाकली त्या आठवड्यात मुजावरसाहेब पुन्हा आले. या वेळी शेटनी नारळ आणला नाही, हार आणले नाहीत. म्हणाले, "मालन, तू काढ फडकं." उन्हापावसानं त्याचा रंग उडाला होता. तिनं ओढलं तर एका खिळ्याला अडकून फाटलं. साहेब नाक वर करून दोन-तीनदा हुंगले आणि म्हणाले, "आज कसला वास?" मालन म्हणाली, "बडीशेप, सायेब." आणि पदरातली मूठ त्यांच्या हातावर ठेवली.

तर, चुलतभावाला सांगायचं ते हे.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन होतं. आमच्याकडं गेलेल्या माणसाला आवडायचं ते ठेवतात, कावळा शिवण्यासाठी. विडीवाल्याला विडी ठेवतात, पानवाल्याला पान. मालनचं ताट वाढलं. वडा, भात, आंबोळी, आल्याचा चहा. चहा मी करून नेला होता. इतक्यात भावकीतली एक म्हातारी पुढं झाली आणि तिनं कागदाच्या पुडीतून ताटाच्या कडेला चिमूटभर मिशरी ठेवली. तिचं काही चुकलं नव्हतं. तिला मालन लग्न होऊन आली तेव्हाची आठवत होती.

हिराक्कानं ती चिमूट उचलली. "न्हाई म्हातारे. ही तिची न्हवं."

आम्ही लांब उभे राहिलो. कावळे आंब्यावर होते, खाली येईनात. भावकीतले विचारायला लागले, रवळू, काही राहिलंय का तिच्या मनात, शब्द दे. कोण म्हणालं लेकीचं बाळंतपण, कोण म्हणालं घराची कौलं. कुणी ओरडून कावळ्यांना बोलवायला लागलं.

हिराक्का म्हणाली, "हाका मारू नगासा. बसा सगळी खाली."

सोलाईतल्या सगळ्या बाया नदीकाठच्या गवतावर बसल्या. हात मांडीवर. मग शेट बसले. सिस्टर बसल्या. मी बसलो. जरा वेळानं एक कावळा उतरला आणि त्यानं आंबोळीला चोच लावली.

माणसं उभी होती म्हणून तो येत नसेल, बसली म्हणून आला असेल. मी त्यातलं जास्त काही सांगत नाही. पण घरी येताना मला हलकं वाटलं. अजूनही ती सकाळ आठवली की बरं वाटतं.

आता मी कामावर जात नाही. सकाळी चहा करतो आणि मागल्या दारी उंबऱ्यावर बसतो. हिराक्का येता-जाता दिसते, पण मी बसलेला असलो की हाक मारत नाही. नुसता हात करते.

एक गोष्ट मात्र राहिली आहे. ओढ्यापलीकडं दुसरा काजू कारखाना आहे. तिथल्या मालकाशी बोलायला मालन आणि फिलोमिना सिस्टर पुढच्या मंगळवारी जाणार होत्या, आणि मालन त्याआधीच गेली. नंतर सिस्टर आणि मी जाऊन आलो. पुन्हा एकदा गेलो, तेव्हा अरविंदशेटही बरोबर आले. मालक चांगला माणूस आहे. चहा देतो, बघू म्हणतो. दारावर बोर्डही लावला आहे. पण सुट्टी अजून दिलेली नाही. तिथल्या बाया अजून मिशरी लावतात, आणि रिकाम्या बसत नाहीत.